महादजींचे कंपू आणि त्यांचा पगार

१२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडीच्या छावणीत महादजी शिंदे यांचे निधन झाले. त्या दिवशी उत्तर हिंदुस्थानात त्यांच्या फौजेच्या तोडीची फौज कोणत्याही देशी सत्तेजवळ नव्हती. दिल्लीचा बादशहा त्यांच्या आश्रयाने गादीवर टिकून होता, रजपूत राजे खंडणी कबूल करून बसले होते, आग्र्याच्या कारखान्यात तोफा ओतल्या जात होत्या आणि कवायती पायदळाचे तीन कंपू कोठेही कूच करण्यास सिद्ध होते. त्यानंतर दहा वर्षेही पुरी झाली नाहीत. ३० डिसेंबर १८०३ रोजी त्यांचे वारस दौलतराव शिंदे यांनी सुर्जी-अंजनगावच्या तहाने दिल्ली, आग्रा, गंगा-यमुनांमधील दुआब, भडोच आणि अहमदनगर एवढे सारे इंग्रजांच्या पदरात टाकले.

एवढ्या मोठ्या सेनानीचा वारसा इतक्या झटपट कसा विरला, या प्रश्नाची आपल्याकडील उत्तरे ठरलेली आहेत. दौलतराव अल्पवयी आणि विलासी निघाले, दुसऱ्या बाजीरावाने घात केला, फिरंगी अंमलदार फितूर झाले. यांपैकी एकही कारण खोटे नाही. परंतु ही सारी कारणे माणसांच्या गुणावगुणांची आहेत; आणि केवळ माणसे वाईट निघाल्यामुळे एखादी यंत्रणा कोसळत असेल, तर त्या यंत्रणेच्या घडणीतच काही उणीव होती काय, हे तपासणे भाग पडते. ते तपासायचे तर लढायांच्या वर्णनांत क्वचितच विचारला जाणारा एक साधा प्रश्न विचारावा लागेल. या फौजेला पगार कोण देत होता?

मराठी राज्याला हा प्रश्न नवा नव्हता. शिवछत्रपतींनी फौजेचे वेतन रोख किंवा सरकारी वरातीने द्यावे, शिपायाला परस्पर गाव लावून देऊ नये, असा दंडक घातल्याचे सभासदाच्या बखरीवरून दिसते. राजारामांच्या काळात औरंगजेबाशी झुंजताना हा दंडक पाळणे अशक्य झाले. खजिना रिकामा, राजा जिंजीला; तेव्हा जो सरदार फौज उभी करील त्याला सरंजाम तोडून देणे एवढाच मार्ग उरला. राज्य वाचले, पण फौजेचा खर्च आणि मुलखाचा वसूल सरदाराच्या एकाच मुठीत गेला. थोरल्या बाजीरावांसारखा सेनानीही या पेचातून सुटला नाही. पालखेडला निजामाला नमविणारा हा पेशवा ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रांत सावकारांच्या तगाद्याने मेटाकुटीला आलेला दिसतो. आपण बाजीरावांची घोडदौड तेवढी लक्षात ठेवली. तिच्यामागचे कर्जरोखे विसरलो.

तरीही घोडदळाचा एक सोयीचा भाग होता. शिलेदार आपले घोडे आणि आपली हत्यारे घेऊन येई. त्याचा पगार दोन-चार महिने तुंबला तरी तो मुलूखगिरीवर कसाबसा निभावून नेत असे. उलट घोडा हे त्याचे भांडवल असल्यामुळे तोफेच्या तोंडी ते घालण्यास तो सहसा राजी नसे. मराठी गनिमी युद्धपद्धतीचे जे अनेक गुण सांगितले जातात, त्यांच्या मुळाशी हा व्यवहारही होताच. कवायती पायदळाची गोष्ट वेगळी. गारद्याची बंदूक सरकारची, दारूगोळा सरकारचा, रोजची कवायत सरकारच्या वेळापत्रकाची. त्याच्या हाती स्वतःचे म्हणून फक्त महिन्याचे वेतन. ते चुकले की तो कवायतीला उभा राहत नाही. पानिपतावर इब्राहिमखान गारद्याने वेळेवर पगाराचा आग्रह धरला म्हणून मराठे सरदार त्याच्यावर नाराज होते, असे काशीराज पंडिताच्या वृत्तांतावरून कळते. त्या दिवशी त्याच्याच पलटणी शेवटपर्यंत जागेवर उभ्या राहून कापल्या गेल्या.

महादजी त्याच रणभूमीवरून वाचले. पायाला कायमचे अधूपण आले आणि राणेखान नावाच्या भिस्त्याने त्यांना सुखरूप बाहेर काढले, ही कथा मराठी वाचकाला पाठ आहे. कवायती पायदळाचे दुसरे दर्शन त्यांना इंग्रजांनी घडविले. वडगावास १७७९ मध्ये इंग्रजांना शरण आणण्यात त्यांचा मोठा वाटा होता. पण पुढच्याच वर्षी पॉपहॅमने ग्वाल्हेरचा किल्ला एका रात्रीत घेतला आणि १७८१ मध्ये कॅमकने खुद्द महादजींच्या छावणीवर छापा घातला. १७८२ च्या सालबाईच्या तहात मध्यस्थ म्हणून मिरविणारे महादजी मनाशी एक गोष्ट पक्की करून बसले होते. असे पायदळ आपल्याजवळ असल्यावाचून उत्तरेत पाय रोवता येणार नाहीत.

पायदळ हवे म्हणजे रोकड हवी. आणि रोकडीच्या बाबतीत महादजींची अवस्था मोठी विचित्र होती. १७८४ च्या अखेरीस ते बादशहाचे वकील-इ-मुतलक झाले. पदवी साम्राज्याची, खजिना मात्र फकिराचा. बादशहाच्या घरखर्चाची नेमणूक त्यांनीच द्यायची, त्याच्या जुन्या फौजांचा तुंबलेला पगार त्यांनीच चुकवायचा आणि त्यासाठीचा पैसा मोगल अमिरांनी बळकावलेल्या जहागिऱ्यांतून व रजपूत राजांच्या थकलेल्या खंडणीतून उभा करायचा. जहागिऱ्या जप्त होऊ लागताच अमीर उलटले. खंडणीचा तगादा लावताच जयपूर व जोधपूर एक झाले. जुलै १७८७ मध्ये लालसोटच्या मोहिमेत जे घडले त्याला इतिहासात पराभव म्हणतात, पण जमाखर्चाच्या भाषेत ती दिवाळखोरी होती. बादशाही पलटणींचा पगार थकला होता. त्या पलटणी आपल्या तोफांसह उठल्या आणि सरळ जयपूरकरांकडे चालत्या झाल्या. महादजींनी मोठ्या धीराने माघार घेतली. परंतु दिल्ली हातची गेली आणि पुढच्याच वर्षी गुलाम कादिराने बादशहाचे डोळे काढले.

या संकटात पुण्याहून काय मिळाले? अलीबहाद्दर आणि तुकोजी होळकर फौजा घेऊन आले खरे, पण येताच उत्तरेच्या वसुलातील वाट्याचा वाद उभा राहिला. नाना फडणीसांचे म्हणणे, उत्तरेचा हिशेब द्या. महादजींचे म्हणणे, आधी खर्च पाठवा. दोघांच्या बाजूने न्यायाने बोलता येईल. कारभाऱ्याने हिशेब मागणे हे त्याचे कर्तव्यच. आणि पाच-सहाशे कोसांवर उपाशी फौज सांभाळणाऱ्या सेनापतीला तो जाच वाटणे हेही स्वाभाविक. नाना-महादजी वैमनस्याबद्दल आपल्याकडे नाटकी पद्धतीने पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या वैमनस्याच्या गाभ्याशी स्वभावापेक्षा हा न सुटलेला जमाखर्च अधिक होता.

महादजींनी मग आपल्यापुरता मार्ग काढला. सॅव्हॉय प्रांतातील शांबेरीचा बेन्वा द बॉइन, मराठी कागदांतील डी बॉईन, याने १७८४ मध्ये त्यांच्यासाठी दोन पलटणी उभ्या केल्या होत्या. मध्यंतरी नोकरी सोडून तो लखनौस व्यापारात पडला. १७९० मध्ये महादजींनी त्याला परत बोलावले आणि संपूर्ण कंपू उभारण्याचे काम सोपविले. या माणसाला कवायत येत होती. पण कवायत येणारे फिरंगी त्या काळी हिंदुस्थानात पैशाला पासरी होते. त्याचा खरा विशेष हा की पगाराच्या प्रश्नाला त्याने कवायतीच्या प्रश्नाइतकेच महत्त्व दिले. सैनिकाचे वेतन ठरल्या वेळी मिळालेच पाहिजे, ही त्याची पहिली अट. ती पुरी करण्यासाठी दुआबातील मोठा मुलूख जायदाद म्हणून त्याच्या हाती देण्यात आला. अलीगड हे त्याचे ठाणे. तेथील वसूल त्याच्याच माणसांनी गोळा करायचा, त्यातून पलटणींचा पगार वाटायचा, तोफखान्याचे बैल आणि दारूगोळा यांचा खर्च भागवायचा आणि या व्यवस्थेबद्दल त्याने वसुलावर ठराविक कमिशन घ्यायचे.

परिणाम चमत्कार वाटावा असा झाला. जून १७९० मध्ये पाटणला आणि सप्टेंबरमध्ये मेडत्याला या कंपूने इस्माईल बेग व रजपूत यांची कंबर मोडली. राठोडांचे घोडदळ शौर्यात कोणाला हार जाणारे नव्हते. पण भरलेल्या बंदुकांच्या चौकोनापुढे त्या शौर्याची किंमत एकाच सकाळी चुकती झाली. १७९३ पर्यंत एका कंपूचे तीन झाले. आग्र्यास सँगस्टर नावाच्या स्कॉच माणसाच्या देखरेखीखाली तोफा ओतल्या जाऊ लागल्या. जखमी शिपायाला बक्षीस आणि लढाईत कायमच्या निकामी झालेल्याला निर्वाहाची तरतूद, या गोष्टी तोपर्यंत देशी फौजांत फारशा ऐकिवात नव्हत्या. त्या या कंपूंत आल्या. अवध आणि दुआबातील शेतकऱ्यांची मुले कोणत्या धन्याची चाकरी करावी हे ठरविताना आता कंपनीच्या पलटणीबरोबर शिंद्यांच्या पलटणीचाही विचार करू लागली. फौजेच्या बाजारात महादजींची पत निर्माण झाली, असे म्हणावे लागेल.

ही पत नेमकी कोणाची होती? वरवर पाहता शिंद्यांची. वस्तुतः शिपाई ज्याच्या हातून पगार घेत होता, तो डी बॉईन. जायदादीचा वसूल त्याच्या कचेरीत, हिशेब त्याच्या दप्तरात, भरती-बडतर्फी त्याच्या सहीने. उज्जैनीला किंवा पुण्याला असे एकही खाते नव्हते की जे उद्या सेनापती बदलला तरी महिन्याच्या महिन्याला तोच पगार त्याच शिपायाला पोचविण्याची हमी देऊ शकेल. सरंजामी पद्धतीची जुनी खोड, म्हणजे फौज आणि तिचा महसूल एकाच हाती देणे, ती महादजींनी मोडली नाही. सरदाराच्या जागी त्यांनी एक कार्यक्षम, प्रामाणिक आणि परका अंमलदार बसविला. तो प्रामाणिक होता हे महादजींचे भाग्य. ती प्रामाणिकता वारसाहक्काने मिळणारी नव्हती. इंग्रजांविरुद्ध शस्त्र धरणार नाही, अशी अट त्याने प्रारंभीच घातल्याचे सांगतात. खरे असेल तर, ज्या प्रतिस्पर्ध्याला तोंड देण्यासाठी फौज उभारायची त्याच्याशी लढण्याच्या कामी तिचा जनक उपयोगाचा नव्हता.

महादजींना हे उमगले नसेल असे मानणे त्यांच्या बुद्धीचा अपमान होईल. १७९२ मध्ये ते पुण्यास आले, सवाई माधवरावांना फर्मानबाडीत बादशाही वस्त्रे अर्पण केली आणि पुढची पावणेदोन वर्षे दक्षिणेतच राहिले. त्या मुक्कामाचा बराच काळ उत्तरेतील स्वाऱ्यांच्या खर्चाचा दावा पेशव्यांच्या दप्तरी मान्य करून घेण्यात गेला. उत्तरेची फौज ही साऱ्या राज्याची फौज आहे, तिचा बोजा साऱ्या राज्याने उचलावा, असा त्या दाव्याचा आशय होता. तो पुरतेपणी कधीच मान्य झाला नाही. दरम्यान जून १७९३ मध्ये लाखेरीला शिंद्यांच्या कंपूंनी तुकोजी होळकरांच्या कवायती पलटणी जवळजवळ नेस्तनाबूत केल्या. राजस्थानचा वसूल कोणी करायचा, हे त्या लढाईचे कारण. एका राज्याच्या दोन आधुनिक फौजा एकाच तिजोरीसाठी एकमेकींवर तोफा डागत होत्या.

डी बॉईन १७९५ च्या अखेरीस निवृत्त झाला. इंग्रजांना डिवचण्यापेक्षा पलटणी मोडून टाकलेल्या बऱ्या, असा सल्ला त्याने जाताना दौलतरावांना दिल्याचे सांगतात. त्याच्या जागी पेरॉन आला आणि जायदादही त्याच्याच हाती गेली. इकडे दक्षिणेत दौलतरावांबरोबर असलेल्या प्रचंड लष्कराला पोसण्याजोगी जायदाद नव्हतीच. पेशवेपद मिळवून देण्याच्या बदल्यात दुसऱ्या बाजीरावाने दौलतरावांना दोन कोटी रुपये देण्याचे कबूल केले होते. ते त्याच्यापाशी नव्हते. तेव्हा ते पुणे शहरातून वसूल करून घ्यावे, अशी तोड निघाली.

१७९८ मध्ये सर्जेराव घाटग्याने पुण्यात जे केले त्याची वर्णने आजही अंगावर काटा आणतात. सावकार, व्यापारी, नानांच्या पक्षाचे कारभारी घरांतून ओढून आणले गेले. द्रव्य सांगेपर्यंत फटके बसले. तापलेल्या तोफेला बांधून एकाचा जीव घेतला गेला. या प्रसंगाकडे केवळ क्रौर्य म्हणून पाहिले जाते. ते क्रौर्य होतेच. पण रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात सावकार हे राज्याचे भूषण होत, संकटकाळी त्यांच्यामुळेच राज्य तरते, असा विचार मांडला होता. त्यानंतर ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांनी त्याच राज्याच्या राजधानीत, त्याच राज्याच्या फौजेच्या पगारासाठी, सावकारांना फटके मारले जात होते. त्या दिवशी जेवढे रुपये हाती लागले असतील ते असोत. त्यानंतर शिंद्यांना किंवा पेशव्यांना विश्वासाने कर्ज कोण देणार होते?

त्याच सुमारास कलकत्त्यात काय चालले होते, ते शेजारी ठेवून पाहावे. गव्हर्नर जनरल रिचर्ड वेलस्ली हा काही काटकसरी कारभारी नव्हता. त्याच्या कारकिर्दीत कंपनीचे हिंदुस्थानातील कर्ज दुपटीच्या घरात गेले. विलायतेतील मालक त्याच्यावर संतापले ते याच कारणाने. तरीही त्याला कर्ज मिळत राहिले, आणि ते देणाऱ्यांत युरोपीय व्यापाऱ्यांबरोबर आपलेच सावकार होते. बनारसची गोपालदास-मनोहरदास यांची पेढी होती, सुरतेचे अर्जुनजी नाथजी त्रवाडी होते. त्यांना स्वदेशद्रोही म्हणून मोकळे होणे सोपे आहे. सावकार तारखेला मिळणारे व्याज पाहतो. १७९३ च्या कायमधाऱ्यामुळे बंगालचा वसूल दर साल ठराविक येणार, हे ठाऊक असल्यामुळे कंपनीच्या रोख्यावर विश्वास ठेवता येत होता. तो वसूल बंगालच्या रयतेची साल काढून येत होता, हे येथे नमूद केलेच पाहिजे. कंपनी म्हणजे धर्मराजाचे राज्य नव्हे. पण गव्हर्नर बदलला म्हणून रोखा बुडत नसे, आणि सेनापती बदलला म्हणून शिपायाचा पगार थांबत नसे.

१८०३ च्या ऑगस्टमध्ये युद्धाला तोंड लागले तेव्हा वेलस्लीने पहिला गोळा डागला तो पैशाचा. शिंद्यांच्या नोकरीतील इंग्रज प्रजाजनांनी नोकरी सोडल्यास त्यांचे वेतन कंपनी देईल, असा जाहीरनामा निघाला. अंमलदार बाहेर पडू लागले. ४ सप्टेंबरला अलीगडचा किल्ला पडला; हल्ला करणाऱ्या तुकडीला वाट दाखविणारा ल्यूकन हा पेरॉनच्याच चाकरीतून आलेला होता. आपल्या जागी अंबाजी इंगळ्यांची नेमणूक होत असल्याचे कळताच पेरॉनने त्याच आठवड्यात इंग्रजांकडून वाटेचा परवाना मागितला आणि तो निघून गेला. इतर राज्यांत सेनापती गेला म्हणजे सेनापती जातो. येथे त्याच्याबरोबर खजिनदार, वसुली अंमलदार आणि दप्तरही गेले. ११ सप्टेंबरला दिल्ली गेली.

शिपाई मात्र गेला नाही. २३ सप्टेंबरला आजच्या जालना जिल्ह्यातील असईच्या रणावर आर्थर वेलस्लीने विजय मिळविला, पण त्यासाठी दीड हजारांहून अधिक माणसे मृत वा जखमी म्हणून मोजली. पुढे वॉटर्लू जिंकणारा हा सेनानी असईची आठवण अखेरपर्यंत विसरला नाही. १ नोव्हेंबरला लासवाडीला तर युरोपीय अंमलदार निघून गेलेल्या पलटणी होत्या. पगाराचा ठिकाणा नव्हता, पगार देणारा मुलूख शत्रूच्या ताब्यात होता, सेनापती पळाले होते. त्या पलटणी तोफांजवळून हलल्या नाहीत. जनरल लेकने आपल्या पत्रात त्यांच्या लढण्याची वाखाणणी केली आणि त्यांच्यावर फ्रेंच अंमलदार असते तर निकाल काय लागला असता याची धास्ती व्यक्त केली. महादजींनी घडविलेला शिपाई हा असा होता. त्याच्यामागे उभे राहणारे सरकार घडवायचे राहून गेले होते.

डी बॉईन मोठी संपत्ती घेऊन युरोपात परतला आणि १८३० मध्ये शांबेरीस वारला. त्याने त्या गावातील दवाखाने व अनाथांच्या संस्थांना सढळ हाताने पैसा दिला; त्याच्या स्मरणार्थ १८३८ मध्ये उभारलेले चार हत्तींचे कारंजे तेथे आजही आहे. दुआबातील ज्या गावांच्या वसुलातून त्याचे कमिशन निघत असे, तीच गावे सुर्जी-अंजनगावच्या तहानंतर कंपनीच्या खजिन्यात भरणा करू लागली, आणि त्या भरण्यातून कंपनीच्या पलटणींचा पगार होऊ लागला. पेरॉनच्या घोडदळातील काही स्वार दिल्लीच्या लढाईनंतर इंग्रजांकडे आले. त्यांनी आपला नायक म्हणून जेम्स स्किनरची निवड केली. बाप स्कॉच, आई रजपूत असलेल्या या तरुणाने शिंद्यांची चाकरी नुकतीच नाइलाजाने सोडली होती, आणि आपल्या जुन्या धन्याविरुद्ध आपल्याला पाठवू नये, एवढी एक अट घालून त्याने कंपनीची चाकरी पत्करली. ते पथक पुढे वाढले, त्याच्या घोड्यांच्या जागी रणगाडे आले, आणि स्किनर्स हॉर्स या नावाने ते आजही भारतीय सैन्यात आहे.